गढूळ आणि विषारी

एका गावात केवळबाई नावाची एक बाई शाळेची खिचडी शिजवायची. स्वभावाने भारी भित्री. कुणी मोठ्याने हाक मारली, तरी तिच्या हातातला डाव खाली पडायचा. नजर मात्र तिखट.

गावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता आणि सरपंच यादवराव त्याचे अ‍ॅडमिन. एकदा खिचडीसाठी गावच्या टाकीचं पाणी गाळताना केवळबाईच्या फडक्यावर बोटभर चिखल साचला. तिने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आणि शेवटी ग्रुपवर टाकलं, "टाकीचं पाणी गढूळ आहे. मुलं पितात. टाकी धुवावी."

पोपट दुकानदाराला 'गढूळ' हा शब्द बेचव वाटला. त्याने तिथे 'विषारी' घातलं, खाली केवळबाईचं नाव तसंच ठेवलं आणि तो निरोप पाच गावांत धाडला. तासाभरात बायकांनी भरलेले हंडे रस्त्यावर ओतले. लग्नाला निघालेले पाहुणे वाटेतूनच परत फिरले.

यादवराव भडकले. त्यांनी केवळबाईला ग्रुपमधून काढलं, बाकी सगळ्यांचंही लिहिणं बंद केलं आणि तिला सांगून पाठवलं, "रविवारी ग्रामसभेत माफी माग. नाहीतर शाळेची चूल विसर."

केवळबाईने हिशोब मांडला. माफी मागितली तर चूल राहील, पण मुलं तेच पाणी पीत राहतील.

ग्रामसभेत यादवरावांनी विचारलं, "काय गं केवळे, विष कुठंय?" लोक खो खो हसले.

केवळबाईने चिखलाचं फडकं टेबलावर पसरलं आणि फोन पुढे केला. "सरपंचसाहेब, मी गढूळ लिहिलं. ते हे बघा. विषारी मी लिहिलं नाही. माझ्या शब्दाचा जाब मी देते. त्या शब्दाचा ज्याचा त्याने द्यावा."

हशा थांबला. पाच गावांत निरोप पोपटाने धाडला होता, म्हणून माना त्याच्याकडे वळल्या.

"गढूळ म्हटलं तर कोण वाचतंय?" पोपट पुटपुटला.

"बघा! म्हणूनच ग्रुप बंद बरा," यादवराव गरजले.

तेवढ्यात निवृत्त शिक्षिका गोदूताई उठल्या. "यादवा, नागरिकशास्त्र तुला मीच शिकवलं ना? संविधानाने बोलायचा हक्क दिलाय. वाजवी बंधनंही सांगितलीत. पण ती कायद्याने घालायची, तुझ्या अंगठ्याने नाही. एका घरचं दूध नासलं, म्हणून गावच्या गाई हाकलतोस होय?"

आता लोक यादवरावांना हसले. त्यांची मान खाली गेली. मग ते म्हणाले, "चुकलो, केवळबाई. तुम्ही होतात म्हणून टाकीचं कळलं."

केवळबाईसह सगळ्यांना ग्रुप खुला झाला. पोपटाने पाचही गावांना स्वतःच्या नावाने खरं काय ते कळवलं. केवळबाईची चूल कायम राहिली. दुसऱ्या दिवशी टाकीतून एकवीस घमेली गाळ निघाला. दर घमेल्याला खाली उभी असलेली सगळी शाळा टाळ्या पिटत होती.

तात्पर्य: बोलण्याचा हक्क सर्वांचा, आणि आपल्या शब्दाची जबाबदारीही ज्याची त्याची. खोट्याला आवर घालताना खऱ्याचं तोंड बांधू नये.