परतीची उडी

“गेला ते कळलं. परत कधी येतो?” इंदुमतीबाईंनी विचारलं.

सुहृद अडखळला. हा प्रश्न त्याला नको होता.

उजेडापासून वीज कशी मिळवावी यात बाईंची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्या सांगलीत राहत. सुहृद त्यांचा लाडका विद्यार्थी. आता त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना त्यानं एक हिरवा रंग जोडला होता. उजेड पडला की रंगातला इलेक्ट्रॉन उडी मारून नळीत जाई. इतक्या झपाट्यानं तो आजवर कुणी नेला नव्हता, आणि हेच सांगायला सुहृद आला होता.

“इलेक्ट्रॉन लगेच परत येतो,” तो पुटपुटला.

“मग वीज?”

“मिळत नाही.”

काल सगळ्यांसमोर त्यानं दिवा लावला, तर मीटरचा काटा ढिम्म हलला नव्हता.

“पण बाई, वेग बघा ना! आता रंग आणखी घट्ट बांधतो. मध्ये तसूभरही जागा ठेवत नाही.”

बाईंनी त्याच्या हातातला आलेख घेतला आणि थेट त्याच्या नाकाला टेकवला.

“वाच.”

“इतक्या जवळून कसं दिसेल?”

बाई कागद हळूहळू मागे नेत राहिल्या…

रेघ दिसू लागली. ती सरळ वर चढली होती. त्या चढावर सुहृदनं भाषणं ठोकली होती. आणि तितकीच सरळ ती खाली आली होती. बांधणं घट्ट करता करता त्यानं परतीची वाटही सोपी करून ठेवली होती.

“मध्ये काहीतरी हवं,” तो सावकाश म्हणाला. “एखादा लहानसा रेणू. जाताना ओलांडता येईल, येताना जड जाईल असा.”

“हे आत्ता सुचलं तुला?”

हो म्हणणं सोपं होतं.

“नाही. नझनीननं सांगितलं होतं. माझी विद्यार्थिनी. भर बैठकीत म्हणाली, सर, थोडं अंतर ठेवून बघू या का? मी तिला त्या कामावरून काढलं.”

“का रे?”

“तिचं बरोबर निघेल, याची भीती वाटली.”

बाई उठल्या. चहाचं आधण ठेवून आल्या. मग त्यानं मोबाइल काढला, नझनीनचा नंबर शोधला आणि तो बाईंपुढे धरला.

“तुमचं ती ऐकेल, बाई. तुम्हीच बोला. सर चुकले म्हणावं…”

बाईंनी हात पुढे केला नाही.

“त्या रंगाच्या आणि नळीच्या मध्ये काय घालायचं ते घाल,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दोघांच्या मध्ये मला घालू नकोस.”