म्हाकूची घोंगडी

त्या वर्षी सावळगीर महाराजांचा मुक्काम तळहिऱ्याच्या माळावर होता. बिरोबाच्या देवळामागे एक जुनी बाभूळ आहे, तिच्या सावलीत ते बसत. कुठून आले, गुरू कोण, हे कुणी विचारलं नाही आणि महाराजांनीही सांगितलं नाही. आल्यागेल्याला ते ताक देत आणि मेंढरांशी माणसांसारखे बोलत. म्हणून धनगर मंडळी त्यांना आपलंच मानत.

त्याच माळावर धनगरांचा तळ पडला होता. त्यात सुंदराही होती. नवरा मागेच गेलेला, म्हणून ती बापाबरोबर मेंढरांमागे फिरत असे. श्रावणात बाप म्हाकूही गेला. मागे राहिली साठ-बासष्ट मेंढरं आणि एक काळी घोंगडी.

त्या मंडळींत एक रीत होती. मेंढरांचा धनी गेला की त्याची घोंगडी वारसाने रोज सांजेला एकेका मेंढराच्या पाठीवरून फिरवायची. म्हणजे धन्याचा वास मेंढरांच्या अंगी राहतो आणि ती वारसाच्या मागे चालतात. सुंदरा एक दिवसही चुकली नाही. पुतळी नावाच्या म्होरक्या मेंढीपासून सुरुवात करायची, शेवटच्या कोकराच्या पाठीवर घोंगडी टेकवायची आणि मग ती उशाला घेऊन पडायचं. घोंगडीला तंबाखूचा, धुराचा, बापाचा वास होता.

आश्विनात पुतळी बाभळीच्या बुंध्याला अंग घासू लागली. खांद्यावरची लोकर गळाली, खाली जाड पिवळ्या खपल्या दिसल्या. आठवडाभरात आणखी सहा, मग वीस. खरूज होती. सुंदराला काही उमजेना. देवाला नारळ दिला, चारा बदलला, पाणी बदललं. घोंगडी एकदा फिरवायची ती दोनदा फिरवू लागली. तरी रोग पुढेच चालला.

तळाचे कारभारी धुळाजी तात्या. त्यांचा मानाचा मेंढा सुलतान साऱ्या पंचक्रोशीत गाजलेला. हळदीने पिवळाजर्द माखून ते त्याला मिरवीत. ते चार माणसांत म्हणाले, "बाईच्या हाती काठी दिली की मेंढरांस्नी लाज वाटती. म्हणून लोकर टाकून उघडी फिरत्यात!"

माणसं हसली.

"तात्या, काय करू ते तरी सांगा," सुंदरा म्हणाली.

"करतीस काय? पुढल्या रविवारापातुर अंगं साफ झाली तर चल आमच्याबरोबर खाली. न्हाई तर ऱ्हा इथंच."

माळावर चारा उरला नव्हता. खालच्या गावांना उतरायची वाट आठ दिवसांची. लांडग्यांची, अनोळखी शिवारांची. एकट्या बाईला ती वाट जमणं शक्य नव्हतं. मागे राहणं म्हणजे बापाच्या मेंढरांचं सारं खांड डोळ्यांदेखत संपणं.

ती महाराजांकडे गेली. सगळं ऐकून महाराज म्हणाले, "घोंगडी मला दे."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "महाराज, मेंढरं आजारी हायती."

"ऐकलं मी. घोंगडी दे. करंजाचं तेल काढ आणि त्यात गंधक खलून लाव. लोकर कातर, कातरलेली जाळून टाक. आठ दिवसांनी पुन्हा एकदा लाव."

"बरी झाली तरी पुन्हा?"

"बरी झाली तरी पुन्हा."

थंडीच्या तोंडावर कातरणी! आणि रीतीची घोंगडी हातून काढून द्यायची! सुंदराने घोंगडी पुढे केली. देताना तिचे हात सुटेनात. महाराजांनी ओढली नाही; तिची बोटं आपणहून सैल होईपर्यंत ते थांबले. मग ती घोंगडी त्यांनी स्वतः पांघरली आणि भर उन्हात जाऊन बसले.

"बुवाला हिव भरलंय आणि बाईला येड," धुळाजी म्हणाले.

सुंदरा सांगितल्याप्रमाणे करत राहिली. का करतोय, हे कळत नव्हतं. संध्याकाळ झाली की रिकामे हात कुठे ठेवावेत, तेही कळत नव्हतं. चार-पाच दिवसांत बहुतेक मेंढरांच्या खपल्या सुटल्या. पण पुतळीचं काही खरं नव्हतं. तिची डावी कूस पार सोलवटली होती. आठव्या दिवशी, शनिवारी, दुसऱ्यांदा तेल लावताना ती पाय पसरून आडवी झाली आणि उठेना.

सुंदरा धावत बाभळीखाली आली. "महाराज, पुतळी चालली! बापाच्या हातची ती. तुमचं ऐकून मी घोंगडी दिली, आता वास न्हाई म्हणून तिनं जीव सोडला!"

महाराज म्हणाले, "तुझा बाप काय घोंगडीत बसलाय, पोरी? जा, तिच्याजवळ बस. नुसता हात ठेव."

ती जाऊन बसली. दुपार कलली, ऊन उतरलं. आणि दिवस मावळायच्या आत पुतळीने मान उचलली, पुढचे पाय रोवले आणि उभी राहून सुंदराच्या पदराला तोंड लावलं! कुशीवरचं लाल मांस सुकून तिथे स्वच्छ कातडी दिसत होती.

सुंदरा सांगायला गेली तेव्हा महाराज घोंगडी उतरवून बसले होते. त्यांची डावी कूस सोलवटलेली होती. खांद्यावर जाड पिवळ्या खपल्या होत्या, पुतळीच्या जिथे होत्या तिथेच.

"हे तुमच्या अंगावर कसं?" तिने विचारलं.

"घोंगडी पांघरली की येणारच," महाराज म्हणाले. "तू मायेनं फिरवत होतीस. रोगही तिच्याबरोबर फिरत होता. तुला कुठून दिसणार?" आणि त्यांनी ती घोंगडी उकळत्या पाण्याच्या हंड्यात सोडली.

रविवारी दुपारी तळ हलला. सुलतान पुढे. पण देवळाशी येताच तो वळला, सरळ बाभळीखाली गेला आणि महाराजांपुढे गुडघे टेकून बसला. धुळाजींनी ओढला, मारला, हलेना. महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हळद हाताला आली आणि खाली खपल्याच खपल्या दिसल्या. सगळा तळ बघत होता. धुळाजींच्या तोंडचं पाणी पळालं. सुलतानची खरूज त्यांनी श्रावणापासून हळदीखाली झाकली होती, आणि सुलतान रोज त्याच बाभळीला अंग घाशीत होता.

महाराज रागावले नाहीत. म्हणाले, "सुंदरा, तेल उरलंय का?"

तिने बोचकं खाली ठेवलं. मग वाटी घेऊन सुलतानजवळ बसली आणि त्याच्या कानामागून तेल चोळू लागली.

धुळाजींनी पागोटं काढून महाराजांच्या पायांवर ठेवलं. "चुकलो. पोरीला मागं टाकाय निघालो हुतो, आन् रोग माझ्याच दारात हुता."

त्यांनी मान वर केली, तेव्हा महाराजांच्या खांद्यावर खपली नव्हती, कूस लहान लेकरासारखी नितळ होती. धुळाजींनी पुन्हा डोकं टेकलं. मग सुंदराकडे वळून हात जोडले. "आठ दिसांनी सुलतानला पुन्हा लावशील न्हवं? चल बाई, म्होरं हो."

महाराजांनी वाळलेली घोंगडी तिच्या हातात दिली. उकळून आटली होती, कोकराला पुरेल एवढीच उरली होती. सुंदराने ती नाकाशी नेली. उन्हाचा वास आला. दुसरा कसलाच नाही. तिला रडू येईल असं वाटलं. ते आलं नाही, का ते तिला कळलं नाही. तिने महाराजांना नमस्कार केला, घोंगडी घडी करून काखेत धरली आणि वाटेला लागली.

थोडं चालून तिने मागे पाहिलं. पुतळी होती. पुतळीच्या मागे सगळं खांड येत होतं.