तांबूची शेपटी

"कुत्र्याला दिसतं, मग मला का दिसत नाही, बाबा?"

दाजिबाचे डोळे पिकल्या उंबरासारखे लाल झाले होते. सुजलेही होते. त्याच्या गुरूंनी, सटवाजीबाबांनी, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"काय घातलंस डोळ्यांत?"

दाजिबानं तोंड फिरवलं.

"दाजिबा."

"तांबूच्या डोळ्यांतली चिपडं. लोक म्हणतात, ती घातली की कुत्र्याला दिसतं ते माणसालाही दिसतं."

बाबा हसू लागले. इतके हसले, की गळ्यातल्या पिशवीतला भंडारा उडून दोघांच्या धोतरांवर सांडला. कोपऱ्यात पडलेल्या तांबूला काय वाटलं कोण जाणे, तोही एकदा भुंकला.

"हसा! तुमचं काय जातंय? इथं माझ्या आईचा प्रश्न आहे."

बाबांचं हसू थांबलं.

आईचाच प्रश्न होता. ठकूबाई उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तांबू उठायचा, थंड पडलेल्या चुलीपाशी जायचा आणि म्हातारीच्या रिकाम्या पाटाकडं बघत राहायचा. गल्लीचं म्हणणं एकच. कुत्र्याला भूत दिसतं, म्हातारीचा जीव घरात अडकलाय. भावकीनं गेनू देवऋषीला सांगावा धाडला होता. आज सांजेला तो चुलीपाशी लिंबू खिळ्यानं ठोकून ती जागा बांधणार होता. एकदा बांधली, की म्हातारी पुन्हा या घरात यायची नाही.

"तळमळत असेल तर बांधू दे," दाजिबा म्हणाला. "पण नसेल तळमळत, तर... मीच तिला घराबाहेर काढल्यासारखं व्हायचं. एकदा नुसती दिसली असती तर..."

"तांबू रडतो?"

"नाही."

"गुरगुरतो? केस ताठ होतात?"

"नाही."

"मग करतो काय?"

"शेपटी हलवतो."

बाबांनी तांबूकडं पाहिलं.

"डोळे कुत्र्याचे आणलेस, दाजिबा. शेपटी कुठं हाय?"

दाजिबाला राग आला. तो काही बोलणार, तेवढ्यात उजेड कलला आणि तांबू उठला. अंग झाडून चुलीपाशी गेला.

बाबांनी आपला लाकडी कोटंबा काढला. झोळीतली भाकरी त्यात कुस्करली, शेजारणीनं दिलेली आमटी वर ओतली आणि कोटंबा चुलीपुढं ठेवला. मग धोतर खोचलं, हात जमिनीला टेकले आणि रांगत तांबूच्या शेजारी जाऊन तोंडानंच खाऊ लागले.

"बाबा, उठा! दारात बायका जमल्यात."

"भुः!" बाबा म्हणाले.

खंडोबाचा वाघ्या म्हणजे देवाचा कुत्रा. जत्रेत सगळे वाघे असेच गुडघ्यांवर येतात, भुंकतात, कोटंब्यातलं खातात. दाजिबाही वाघ्याच, पण गोड गळ्याचा, जागरणात गाणारा. खायची वेळ आली, की तो तुणतुण्याची तार पिळत लांब उभा राहायचा.

आज त्यानं दाराकडं पाहिलं. बाबांकडं पाहिलं. तांबूची शेपटी झपाझप हलत होती...

त्यानं एक गुडघा टेकला. मग दुसरा.

मान खाली गेली तेव्हा त्याला दिसलं. चुलीच्या बुडाशी, लिंपणात, चार बोटांनी दाबून केलेला एक खळगा. पहिल्या भाकरीचा चतकोर म्हातारी तांबूसाठी त्यातच ठेवत असावी, कारण चाटून चाटून तो कवडीसारखा गुळगुळीत झाला होता. तिच्यामागं चूल कुणी लिंपली नव्हती. तिची बोटं त्यात जशीच्या तशी उमटलेली होती. उभ्या माणसाला ती दिसली नसती.

दाजिबानं आपली बोटं त्यात ठेवली.

तांबूनं त्याचा सुजका डोळा चाटला. आमटीनं माखलेल्या जिभेनं.

आणि दाजिबाच्या त्या गोड गळ्यातून एकदम बाहेर पडलं, "भुः!" पिल्लासारखं, बारीक, बेसूर.

दारातल्या बायका पदर तोंडाला लावून लोटपोट झाल्या. दाजिबा हसला, डोळे पुसले, पुन्हा भुंकला आणि त्यानं कोटंब्यात तोंड घातलं. आता त्याची कंबरही तांबूबरोबर इकडून तिकडं डुलत होती आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

तेवढ्यात बायकांना बाजूला सारत गेनू देवऋषी आत आला. एका हातात खिळा, एका हातात लिंबू. चुलीपुढं दोन माणसं आणि एक कुत्रं, तिघांची तोंडं एका कोटंब्यात. तो उंबऱ्यातच थबकला.

"अरे देवा... म्हातारीनं धरलंय तरी कुणाकुणाला?"

दाजिबानं भीत भीत बाबांकडं पाहिलं. त्याची बोटं अजून खळग्यातच होती.

बाबांनी दाढीवरची आमटी पुसली.

"लिंबू आणलंस का, गेनू? बरं झालं. काप. आमटीवर पिळू."