नमस्कार नसलेला दगड

कोंडवेळ बंदराच्या धक्क्याजवळ पुरुषभर उंचीचा एक काळा दगड उभा आहे. कोकणात असा दगड दिसला की पाहुण्याचे हात आपोआप जुळतात. इथे मात्र बाबल पागधरे लगबगीने पुढे होतात आणि जुळलेले हात खाली घ्यायला लावतात. बाबल गावातले सगळ्यांत जाणते. आल्यागेल्याला दगडाची हकीकत तेच सांगतात, आणि सांगताना कधी एका जागी उभे राहत नाहीत. "याला नमस्कार करायचा नाय," ते म्हणतात. "आधी ऐका."

फार पूर्वी या धक्क्यावर माणसांचा बाजार भरे, असे सांगतात. दुष्काळात घाटावरून आणलेली, वाटेत पळवलेली माणसे या दगडाला बांधून विकत. पुढे सरकारने तो बाजार बंद केला आणि गावाने त्या विषयावर तोंडाला कुलूप लावले. दगड मात्र जागचा हलला नाही. मुले विचारू लागली, हा कशाचा? खरे सांगायला जीभ रेटेना, म्हणून कुणीतरी त्याला शेंदूर फासला आणि म्हणाला, हा खुंटोबा. याने वादळाला दोराने बांधून ठेवले, म्हणून अंगावर तीन खाचा पडल्या. शाळेत पंतोजीही तेच शिकवू लागले. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सात वर्षांच्या मुलांना नव्या दोराने क्षणभर दगडाला बांधायचे, म्हणजे समुद्र त्यांना नेत नाही, अशी चालही पडली. तिला बांधणी म्हणत. पोरे हसत, आया ओवाळत. गावाला आपल्या हुशारीचे कौतुकच होते म्हणा ना.

बांधणीचा दोर वळायचा मान दोरवळ्यांच्या घराचा. त्या घरात आवडी नावाची विधवा होती. काथ्या वळण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. ती खाडीपलीकडची, एवढेच गावाला ठाऊक. खरे काय ते तिच्या नवऱ्याला माहीत होते, आणि तो आता नव्हता. सात वर्षांची असताना तिला याच दगडाला बांधून विकले होते. गलबतातून दूरच्या बंदराला नेले. तेरा वर्षे तिने परक्या घरचे जाते ओढले. सुटका झाल्यावर काही वर्षांनी तिने एका दोरवळ्याशी लग्न केले, आणि तो तिला घेऊन आला तो नेमका कोंडवेळला. शेंदूर फासलेला दगड तिने पाहताच ओळखला आणि नवऱ्याला दाखवला. तेव्हा नवऱ्याने मान खाली घालून सांगितले म्हणे, की बाजाराचे दोर त्याचा बाप वळत असे.

तेव्हापासून दर वर्षी ती बांधणीचा दोर मुकाट्याने वळून देई. बांधणी पाहायला मात्र जात नसे. दोर मुलीच्या, ठकूच्या हाती पाठवी. एका वर्षी ठकूचे लग्न ठरले. तुळशीचे लग्न लागले की हिचा बार उडणार होता. खोतांनी खुशीत निरोप धाडला, की यंदा पोरे आवडीनेच आपल्या हाताने बांधावीत.

निरोप आल्यापासून आवडी दोर वळायला बसे आणि हातभर झाला की उलगडून टाकी. चुलीवर भात करपे. धक्क्याकडे निघे आणि अर्ध्या वाटेतून परते. बोलावे, तर विकलेल्या बाईची मुलगी सून म्हणून कोण घेणार? न बोलावे, तर आपल्याच हाताने पोरांना त्या दगडाला बांधायचे, आणि वर हसायचे. ठकूने विचारले, तर काही नाही म्हणाली आणि पुन्हा दोर उलगडला.

बांधणीला पहिली आली कुंभाराची चिमी. पंतोजी वादळाची गोष्ट सांगत होते. आवडीने दोर सर्वांत खालच्या खाचेत बसवला, एक वेढा घेतला. चिमीने मान वर करून विचारले, "काकू, ही खाच एवढी खाली कशाला? वादळ काय एवढंसं होतं?"

लोक हसले. आवडीचे हात थांबले.

"वादळ नव्हतं बाय," ती म्हणाली. "वरची खाच बाप्यांची, मधली बायांची. ही खालची पोरांची. मला हितं बांधून विकलं, तुझ्याएवढी व्हते तवा."

खोत म्हणाले, बाईला भ्रम झाला. पण जुन्या माणसांना सगळे ठाऊक होते. चिमीचा आजा पुढे आला, नातीचा दोर सोडला आणि म्हणाला, की बाई खरे बोलतेय.

ठकूचे लग्न त्याच आठवड्यात मोडले. ती आईशी बोलेनाशी झाली.

गाव पस्तावले, पण गावाची खोड जाते कुठे? चार दिवसांत लोक नारळ घेऊन आवडीच्या दारात आले. तिचीच मूर्ती घडवून दगडाशेजारी बसवू, म्हणाले. आवडी संतापली. "मला देवी करू नका," ती म्हणाली. "पोरांना खरं सांगा. कुणी बांधलं, कुणी दोर दिला, सगळं सांगा." लोक आपापले नारळ उचलू लागले. आपल्याच घराचे असले कोण सांगणार?

तेव्हा ठकू कोयती घेऊन बाहेर आली. कुणाकडे न पाहता धक्क्यावर गेली आणि शेंदूर खरवडू लागली. मुले जमली, मागोमाग गाव आले. आईला विकले, एवढे म्हणून ती मोकळी झाली असती आणि कुणी तिला बोल लावला नसता. पण ती मुलांकडे वळून म्हणाली, "आमच्या घरानं दोर वळला."

आवडी तिथेच रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिले नव्हते. मग चिमी आजाला विचारून आली आणि म्हणाली, "आमच्या घरानं त्या बाजाराला पाण्याची मडकी दिली." खोतांच्या घराला बोलायला तीन वर्षे लागली, असे सांगतात.

आजही बांधणीच्या दिवशी दगडाजवळ दोर नसतो. सात वर्षांची मुले येतात आणि आपापल्या घराने काय केले ते मोठ्याने सांगतात. ज्याला ठाऊक नाही त्याने घरी विचारायचे, आणि घरच्यांनी खरे सांगायचे. पुष्कळ घरांत त्या दिवशी ताटे तशीच राहतात.

पाहुणे बाबलना हमखास विचारतात, तुमच्या घराने काय केले? दगडासमोरचे पहिले दार पागधऱ्यांचेच. बाबल येरझारा थांबवतात.

"आमच्या घरानं दारात बसून बघितलं," ते म्हणतात. "नातू यंदा सात वर्षांचा झालाय. अजून त्यानं विचारलं नाय."