शेठच्या हातातली टॉर्च

आमच्याकडे जरा वारा सुटला की वीज जाते. त्या पावसाळ्यात ती गेली, ऐन वेळी नवी टॉर्चही पेटली नाही आणि अप्पा न्हाणीघराच्या पायरीवरून पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण, म्हणजे आमची गोदाआत्या, मला घेऊन तणतणत रत्नाकरशेठच्या दुकानात शिरली. टॉर्च तिथलीच होती.

आत्याने ती बंद टॉर्च गल्ल्यावर आपटली. पण गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवल्याशिवाय शेठ माल देत नसत. "गोदाबाई, टॉर्चमधलं तुम्हाला काय कळणार? ही चकचकीत घ्या. उजेड थेट खाडीपलीकडे!"

"आम्हाला खाडीपलीकडे नाही, न्हाणीघरात जायचंय," आत्या म्हणाली. "ते राहू दे. आधी कंदिलाची काच दाखवा."

काचा माळ्यावर होत्या, आणि माळ्यावर भरदुपारीही मिट्ट काळोख. शेठनी सवयीने गल्ल्याखालून स्वतःची टॉर्च काढली. पत्र्याची, रंग उडालेली. बटण दाबताच लख्ख उजेड पडला. काच घेऊन शेठ एकेक पायरी बघत शिडी उतरले.

"काच नको," आत्या म्हणाली. "पडायची पाळी तुमच्यावर येते तेव्हा तुम्ही जी हातात धरता, ती टॉर्च द्या."

दुकानात हशा पिकला. शेठनी तसलीच नवी काढली, सेल घातले, लावून दाखवली.

आत्या कधीच सासरी परत गेली. पण अजून वीज गेली की अप्पा ती टॉर्च घेऊन न्हाणीघराकडे निघतात आणि पायरीवर उजेड पाडून म्हणतात, "गोदे, दिसली गं पायरी!"