नळाच्या डोक्यावरची रिकामी नळी

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या घरातले गंजलेले पाइप बदलायला काढले. गावातल्या वृद्ध नळकारागिराला सारे वस्ताद म्हणत. वस्तादांनी हे काम प्रथमच आपल्या शिष्याला एकट्याने करायला दिले. शिष्य हुशार, पण अंमळ जास्तच. जुन्या जोडणीत प्रत्येक नळाच्या वर एकेक वीतभर उभी, माथ्याला बूच मारलेली नळी होती. 'जिच्यातून पाणी कुठेच जात नाही, ती हवी कशाला?' असे म्हणून त्याने नव्या कामात एकही बसवली नाही.

झाले! नळ बंद केला की भिंतीत धाडकन आवाज होई आणि पाळण्यातले तान्हे दचकून टाहो फोडी. शिष्याने पाइप पट्ट्यांनी आवळून पाहिले, व्यर्थ. व्यापारी वैतागला. "तुझ्या वस्तादांना बोलाव. तू आता पान्ह्याला हात लावू नकोस," तो म्हणाला.

वस्ताद आले. त्यांनी नळाकडे पाहिले, शिष्याकडे पाहिले आणि ओट्याशी बसून भांडेभर पाणी सावकाश प्यायले. आपले शिकणे आज संपले, असेच शिष्याला वाटले.

भांडे खाली ठेवून वस्ताद शांतपणे म्हणाले, "टाकीचा कॉक बंद कर. सगळे पाणी सोडून दे. मग प्रत्येक नळावर नळी उभी कर. तूच कर."

"वस्ताद, पण त्या नळीत असते काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"हवा, शेठ. धावते पाणी आपण एका झटक्यात अडवतो. त्याचा वेग जाणार कुठे? ते पाइपावर आदळते. वर कोंडलेली हवा दबते आणि तो धक्का पोटात घेते. मात्र हळूहळू ती पाण्यात विरते. म्हणून अधूनमधून घरातले सारे पाणी सोडून ती पुन्हा भरू द्यावी."

शिष्याने नळ्या बसवल्या. व्यापाऱ्याने मुद्दाम झटक्याने नळ फिरवला. भिंत गप्प राहिली आणि पाळण्यातले बाळ झोपलेलेच राहिले. व्यापाऱ्याला हसू आले. "उरलेली न्हाणीघराची जोडणीही तूच कर रे," तो शिष्याला म्हणाला.

परतताना शिष्याला राहवेना. "वस्ताद, तुम्ही मला रागावला कसे नाहीत?"

"आला होता ना राग, चांगला उसळून आला होता," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर आधी पाणी प्यायलो."

शिष्याचे डोळे भरून आले. आज भिंतीसारखाच आपणही एक धक्का खाता खाता वाचलो, हे त्याला उमगले.