प्रश्न वाघदऱ्याच्या लाँचचा

"बाबूजी, एवढं बोलूनही मंत्री सुटलेच. माझं चुकलं कुठे?"

वामनराव खळतकरांनी मान वर केली नाही. नागपुरातल्या आपल्या घराच्या अंगणात खुर्ची टाकून ते तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. हिवाळ्याचं ऊन पाठीवर होतं.

"आधी बस तरी."

मृणाल शेडगे बसली नाही. विधानभवनातून ती तडक इथे आली होती. गळ्यातला आमदारकीचा बिल्लासुद्धा अजून उतरवला नव्हता.

ती पहिल्यांदाच निवडून आली होती. मूळची वकील, आवाज खणखणीत. मतदारसंघ लांब, सह्याद्रीच्या कुशीत, वाघदरा धरणाच्या काठाने पसरलेला. तिला बोलता येतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

वामनराव उभी हयात विरोधी बाकांवर बसले. मंत्री कधी झाले नाहीत. विधानभवनाच्या ग्रंथालयात जुनी इतिवृत्तं चाळताना मृणालला त्यांचे प्रश्न सापडले होते. एकेक ओळीचे. त्यापुढे मंत्र्यांची पानपानभर उत्तरं. पत्ता शोधत ती त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, मला शिकवा.

"शिकवण्यासारखं काही नाही बा माझ्यापाशी," ते म्हणाले होते. "सोले सोलायला ये पाहिजे तर."

तेव्हापासून ती येत होती.

आज मात्र शेंगांना तिने हात लावला नाही. मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"बघा. सकाळपासून लाखो लोकांनी बघितलंय हे."

वामनरावांनी हात पुसले, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत बघितलं.

पडद्यावर मृणाल बोलत होती. धरणाच्या पलीकडची गावं पाण्याने तुटलेली. दवाखाना अलीकडे. सरकारी लाँच धक्क्याला बांधून ठेवलेली, कधीपासून बंद. पावसाळ्यात सोनाबाई कोकरेच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा घरच्यांनी तिला वल्ह्याच्या होडीत घातलं. पाण्याच्या मध्यावर वारा सुटला. सोनाबाई तिथेच बाळंत झाली. ती वाचली. बाळ काठ लागेपर्यंत राहिलं नाही.

वामनरावांनी चष्मा काढला. डोळे पुसले.

"छान बोललीस गं पोरी."

"सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं बाबूजी. सरोदेंच्यासुद्धा."

दौलतराव सरोदे हे, लाँच ज्या खात्याकडे होती, त्याचे मंत्री.

"मग काय म्हणाले सरोदे?"

"म्हणाले, घटना अत्यंत दुःखद आहे. शासन संवेदनशील आहे. लाँचबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर आहे."

"आणि?"

"आणि काय... वेळ संपली. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. उद्या पुन्हा येईल."

"बरं झालं की."

"बरं कसलं! आज सुटले ते. उद्या मी सोडणार नाही त्यांना. आजच्यापेक्षा जबरदस्त बोलणार आहे."

वामनरावांनी एक शेंग उचलली.

"बोल मग. आत्ताच. मी सरोदे."

मृणाल क्षणभर थांबली. मग पदर खोचला आणि सुरू झाली. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई हातातलं काम सोडून ऐकू लागली. मृणालने धरण कुणाच्या जमिनीवर बांधलं ते सांगितलं. वीज कुठे गेली, पाणी कुठे गेलं ते सांगितलं. शेवटी आवाज चढवून विचारलं, "याचं उत्तर शासन देणार आहे की नाही?"

वामनराव शेंगा सोलत होते.

"बाबूजी, उत्तर द्या ना."

"देतो ना."

"असं बसून नाही. मंत्री उभे राहून उत्तर देतात."

"हो, उभे राहतात."

"मग उठा."

"काऊन उठू?" वामनरावांनी तिच्याकडे बघितलं. "तू तर उभीच आहेस."

...

मृणालला राग आला. ती धपकन पायरीवर बसली.

त्याबरोबर वामनराव उठले. मांडीवरच्या शेंगा अंगणभर सांडल्या, तरी ते उठले. खुर्चीच्या पाठीला धरून, वाकलेली कंबर सरळ करून, म्हातारा ताठ उभा राहिला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी मांडलेली भावना रास्त आहे. शासन याबाबत..."

"भावना नाही, मी विचारतेय..." मृणाल ताडकन उठली.

वामनराव झटकन खाली बसले. चेहरा नुकत्याच शाळा सुटलेल्या पोरासारखा.

"हुश्श," ते म्हणाले. "सुटलो बुवा."

गच्चीवरची बाई हसली. मृणालला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. ती खाली वाकली आणि सांडलेल्या शेंगा गोळा करू लागली.

"लाँच बंद काऊन आहे?" वामनरावांनी विचारलं.

"चालवायला माणूस नाही. जुना सारंग निवृत्त झाला, नवा नेमलाच नाही. यंत्राची दुरुस्ती वगैरे सगळं थोतांड आहे. मी स्वतः जाऊन बघून आलेय."

"सरोदेंना ठाऊक आहे?"

"असणारच."

"मग त्यांनी सांगितलं नाही काय?"

"ते कशाला सांगतील? मीच सांगणार आहे उद्या. पुराव्यानिशी."

वामनरावांनी सोललेले दाणे ओंजळीत घेतले, फुंकर मारून साल उडवली.

"तू सांगशील तर ते तुझं म्हणणं झालं," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं तर..."

वाक्य तसंच टाकून ते उठले. दाणे घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराच्या तासाला सभागृह भरलेलं होतं. आदल्या दिवशीचं भाषण सगळ्यांनी पाहिलं होतं. मृणालच्या पक्षाचे लोक बाकं वाजवायच्या तयारीत बसले होते. सरोदेंनी पाण्याचा घोट घेतला. ते साठीचे, अंगाने भारदस्त, या खेळात मुरलेले. आज काय ऐकावं लागणार याचा अंदाज बांधूनच आले होते.

अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं.

मृणाल उठली. मनात पाठ केलेली वाक्यं दाराशी गर्दी करावी तशी दाटली होती.

"अध्यक्ष महोदय, वाघदऱ्याची लाँच आज चालू आहे का?"

आणि ती बसली.

सभागृहाला वाटलं ती दम घ्यायला बसली. सरोदेंनाही तसंच वाटलं. पण ती उठेना. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे बघितलं.

सरोदे उठले. "अध्यक्ष महोदय, सदर लाँचची दुरुस्ती..." त्यांनी कागद उलटला. "दुरुस्ती पूर्ण झालेली आहे."

बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, खोटं बोलतायत. तुटून पडा!"

मृणाल उठली. "मग ती आज पाण्यात का नाही?"

बसली.

सरोदे पुन्हा उठले. अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे त्यांनी बघितलं. तिकडून एक चिठ्ठी आली. ती वाचून त्यांनी घडी घातली.

"काही तांत्रिक बाबी आहेत..." ते म्हणाले आणि बसले.

मृणाल तिसऱ्यांदा उठली. तिने बाकाची कड धरली.

"लाँच चालवायला माणूस आहे का?"

आणि बसली.

...

सरोदे पुन्हा उभे राहिले. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. कुणी ओरडत नव्हतं. ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. बाकं वाजली की त्या आवाजात काहीतरी पुटपुटून बसता येतं. आज त्यांना बसायला कुणी निमित्तच देत नव्हतं.

त्यांनी मृणालकडे बघितलं. ती नुसती वाट बघत होती.

"नाही," सरोदे म्हणाले. आवाज एकदम साधा झाला होता, घरात बोलतात तसा. "माणूस नाही, अध्यक्ष महोदय. नेमणूक राहून गेली."

"राजीनामा मागा!" मागच्या बाकावरून आवाज आला. "ताई, हीच वेळ आहे!"

मृणाल उठली. जिभेवर आलं होतं सगळं. सोनाबाई, ती होडी, ते बाळ. समोरचा माणूस उघडा पडला होता आणि मारायला हात शिवशिवत होता.

तिने सरोदेंकडेच बघितलं.

"कधी नेमणार?"

सरोदेंनी हातातली चिठ्ठी बाकावर ठेवली.

"हे अधिवेशन संपायच्या आत," ते म्हणाले. "मी सभागृहाला शब्द देतो."

अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

त्या दिवशीचं कुणी काही मोबाइलवर फिरवलं नाही. फिरवण्यासारखं होतं तरी काय त्यात? दुपारी उपाहारगृहात पक्षातले लोक तिच्यावर नाराज होते. हाती आलेलं सावज सोडलं म्हणाले. तिने भात चिवडला आणि तशीच उठली.

बाहेर व्हरांड्यात सरोदे समोरून आले. ती बाजूला झाली. ते थांबले.

"खळतकर बाबूजींकडे जाता काय हो तुम्ही?"

मृणाल चकित झाली. "हो... पण तुम्ही कसं ओळखलंत?"

"पहिल्यांदा मंत्री झालो तेव्हा त्यांनी मला असंच उभं ठेवलं होतं." सरोदेंनी गुडघ्यावर हात ठेवला. "संध्याकाळी त्यांच्याचकडे जेवायला गेलो. काकूंनी वांग्याची भाजी केली होती." ते हसले. "नमस्कार सांगा त्यांना. गुडघे अजूनही दुखतात म्हणावं."

संक्रांतीनंतर एका बैठकीसाठी मृणालला नागपूरला यावं लागलं. स्टेशनवरून ती थेट वामनरावांकडे गेली. ते अंगणातच होते. तिने वाकून नमस्कार केला, तिळगूळ दिला, सरोदेंचा निरोप सांगितला. वामनराव गालातल्या गालात हसले.

"आणि लाँच?"

"सुरू झाली. नवा सारंग आला. दिवसातून दोनदा फेरी असते." तिचा आवाज मऊ झाला. "सोनाबाई आली होती धक्क्यावर. मी तिच्याजवळ गेले, पण मला काही बोलता येईना. लाँच पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती बघत उभी राहिली. नंतर माझा हात नुसता धरला तिने."

वामनरावांनी मान डोलावली.

मृणालने तिळगुळाचा डबा बंद केला. पण तोंडावरून कळत होतं की आत काहीतरी खदखदतंय.

"बोल."

"काही नाही."

"बोल गं."

"बाबूजी, मला असं वाटायला नको, हे कळतंय मला..." तिने खाली बघितलं. "पण तिथे फलक लावलाय. 'वाघदरावासीयांना लाँचची भेट.' त्यावर सरोदेंचा फोटो. हात जोडलेला, हसरा. माझं नावसुद्धा नाही! कार्यकर्ते चिडलेत, रातोरात फाडून टाकू म्हणतायत. मी कसंबसं थांबवलंय त्यांना. प्रश्न मी विचारला, बाबूजी. मी!"

वामनराव तिळगूळ चघळत होते. त्यांनी तिच्याकडे मायेने बघितलं, लेकीकडे बघावं तसं.

"फोटो केवढा आहे?"

"चांगला दाराएवढा आहे."

"धक्क्यावरच आहे ना? येता-जाता सगळ्यांना दिसतो?"

"न दिसायला काय झालं!"

"मग उद्या लाँच बंद पडली तर लोक कुणाला जाब विचारतील?" वामनरावांनी बोटं पुसली.

"कार्यकर्त्यांना सांग," ते म्हणाले, "अजून मोठा लावा."